उजेडालाही हवे झाकण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ हे समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या अरण्यात वसलेले शहर. १८९४ मध्ये पर्सिव्हल लॉवेल यांनी येथील टेकडीवर वेधशाळा उभारली आणि १९३० मध्ये याच वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाने प्लूटोचा शोध लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर वाढू लागले, महामार्गालगत दुकाने व उपाहारगृहे उभी राहिली आणि गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी रात्री आकाशात प्रखर झोतदिवे फिरवण्याची टूम निघाली. हे झोत दुर्बिणींच्या वाटेत येऊ लागले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी थेट नगर परिषदेचे दार ठोठावले. १५ एप्रिल १९५८ रोजी परिषदेने ठराव करून शहराच्या हद्दीत जाहिरातीच्या झोतदिव्यांवर बंदी घातली. मोडणाऱ्यासाठी दंडाची आणि तुरुंगवासाचीही तरतूद ठेवली. घराबाहेरील दिव्यांवर निर्बंध घालणारा जगातील हा पहिला स्थानिक नियम मानला जातो.

हा नियम वॉशिंग्टनमध्ये झाला नाही, राज्याच्या विधिमंडळातही झाला नाही. रस्ते, गटारे आणि कचरा यांची व्यवस्था पाहणाऱ्या एका छोट्या शहराच्या सभागृहात तो झाला. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत प्रकाशप्रदूषणाविरुद्ध जगभर जे काही घडले, त्यातला मोठा आणि परिणामकारक भाग अशाच स्थानिक पातळीवर घडलेला आहे. याचे कारण उघड आहे. धूर वाऱ्याबरोबर दूर जातो, नदीचे पाणी चार जिल्हे ओलांडते. पण दिवा एका विशिष्ट खांबावर असतो, आणि तो खांब उभारण्याची परवानगी कोणीतरी जवळच्याच कार्यालयात दिलेली असते.

प्रकाशप्रदूषण हा शब्द उच्चारला की शहरी माणसाला पहिली शंका येते ती अशी, की आता रस्त्यावरचे दिवेही बंद करणार काय? वस्तुतः आक्षेप दिव्याला नाही. जिथे हवा तिथे न पडणाऱ्या उजेडाला आहे. रस्त्यावरच्या गोल काचेच्या दिव्याचे उदाहरण घ्यावे. बागांमध्ये आणि सुशोभित चौकांमध्ये तो हमखास दिसतो. त्याचा साधारण निम्मा उजेड आडव्या रेषेच्या वर, म्हणजे पादचाऱ्याच्या डोक्यावरून आकाशात जातो. तिथे तो हवेतील रेणू, धूळ आणि बाष्प यांवर आपटून विखुरतो आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली परततो. शहरावर रात्री जो फिकट नारिंगी किंवा दुधी घुमट दिसतो, तो अशा परतलेल्या उजेडाचा. या घुमटापेक्षा मंद असलेला प्रत्येक तारा त्यात बुडून जातो. आडव्या दिशेने जाणारा उजेड तर अधिकच उपद्रवी. तो वाहनचालकाच्या डोळ्यांत जातो, समोरच्या इमारतीच्या शयनगृहात शिरतो आणि वातावरणातून लांबवर प्रवास करीत असल्याने दूरच्या गावांचे आकाशही उजळवतो.

हे नुकसान किती झाले आहे याची मोजदाद झालेली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातील ८३ टक्के लोक प्रकाशप्रदूषित आकाशाखाली राहतात आणि एकतृतीयांश मानवजातीला आपल्या घराजवळून आकाशगंगेचा पट्टा दिसू शकत नाही. त्याहून अस्वस्थ करणारे आकडे जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. २०११ ते २०२२ या काळात हजारो हौशी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्यांच्या संख्येवरून असे आढळले, की आकाशाची उजळी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे ज्या ठिकाणी आज जन्मलेल्या बालकाला २५० तारे दिसू शकतात, तिथे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा जेमतेम १०० उरतील. मुंबईतील हौशी आकाशनिरीक्षक पावसाळा संपला की वांगणी-नेरळच्या बाजूला जातात, हे त्याच व्यवहाराचे घरचे उदाहरण. एके काळी जे गच्चीवरून साधत असे, त्यासाठी आता लोकल पकडावी लागते.

फ्लॅगस्टाफच्या कथेतील खरा धडा १९५८ च्या बंदीत नाही, तर त्यानंतरच्या दुरुस्त्यांत आहे. झोतदिवे बंद झाले तरी शहर वाढतच होते. १९५५ पासून अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेचे केंद्रही तेथे कार्यरत होते. प्लूटोचा सर्वांत मोठा उपग्रह शॅरन हा १९७८ मध्ये याच केंद्रातील दुर्बिणीने टिपलेल्या छायाचित्रांवरून सापडला. दिव्यांवर छत्री असावी, त्यांचा रोख खाली असावा, असे सांगणारे नियम सत्तरच्या दशकात आले. परंतु लवकरच एक अडचण ध्यानात आली. एखाद्या पेट्रोल पंपाने सर्व दिवे नियमाप्रमाणे झाकलेले घेतले, पण दहाच्या जागी पन्नास लावले, तर प्रत्येक दिवा कायदेशीर आणि तरीही एकूण परिणाम पहिल्यापेक्षा वाईट! जमीन, काँक्रीट आणि भिंती यांवरून परावर्तित झालेला उजेडही शेवटी आकाशातच जातो.

म्हणून १९८९ मध्ये शहराने आणि भोवतालच्या परगण्याने वेगळीच पद्धत स्वीकारली. प्रत्येक दिव्याचा विचार करण्याऐवजी भूखंडावरील एकूण उजेडाला मर्यादा घातली. दिव्यातून बाहेर पडणारा उजेड 'ल्युमेन' या एककात मोजतात. आपल्याकडील साधारण दहा वॅटचा एलईडी दिवा हजारेक ल्युमेन उजेड देतो. वेधशाळांपासूनच्या अंतरानुसार शहराचे विभाग पाडले गेले. वेधशाळेला अगदी लगतच्या विभागात व्यावसायिक भूखंडाला एकरी २५ हजार, मधल्या विभागात ५० हजार आणि सर्वांत दूरच्या विभागात १ लाख ल्युमेन, अशी मर्यादा ठरली. म्हणजे वेधशाळेशेजारच्या चाळीस गुंठ्यांच्या दुकानाला घराबाहेर असे पंचवीस दिवे लावता येतात. कुठे किती लावायचे, हे मालकाने ठरवावे.

या नियमाची खुबी अशी, की तो कागदावर तपासता येतो. बांधकामाचा नकाशा मंजुरीसाठी येतो तेव्हाच त्यासोबत दिव्यांचा तक्ता येतो. दिव्याचा प्रकार, संख्या, ल्युमेन आणि झाकण आहे की नाही, एवढेच त्यात असते. बेरीज मर्यादेत बसली तर मंजुरी. रात्री यंत्र घेऊन कोणाच्या फाटकाशी उभे राहण्याची, 'हा उजेड त्रासदायक आहे की नाही' असा वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही. 'दिवे सौम्य असावेत', 'शेजाऱ्यास उपद्रव होऊ नये' अशा सद्भावनापूर्ण वाक्यांनी भरलेले नियम जिथे झाले, तिथे ते फायलीतच राहिले. मोजता न येणारा नियम पाळता येत नाही, आणि मोडल्याचे सिद्धही करता येत नाही.

२४ ऑक्टोबर २००१ रोजी फ्लॅगस्टाफला जगातील पहिले 'आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचे शहर' म्हणून मान्यता मिळाली. ती देणारी संस्था १९८८ मध्ये ॲरिझोनातच स्थापन झाली होती. आज ती 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या नावाने ओळखली जाते. विशेष म्हणजे फ्लॅगस्टाफ हे काही अंधारात चाचपडणारे खेडे नव्हे. तेथे विद्यापीठ आहे, रेल्वे आहे, दोन आंतरराज्य महामार्गांचा संगम आहे आणि सुमारे पाऊण लाख लोकवस्ती आहे. रात्री रस्त्यावर उजेड असतो. फक्त दिव्याचा बल्ब दुरून डोळ्यांना दिसत नाही.

उजेडाचा रंग हा या विषयातील दुसरा, आणि आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षित राहिलेला भाग. आकाश दिवसा निळे दिसते त्याचे कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. हाच नियम रात्री दिव्यांनाही लागू पडतो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाच्या सुमारे तिप्पट विखुरतो. फ्लॅगस्टाफने त्यामुळेच दीर्घकाळ कमी दाबाच्या सोडियम दिव्यांचा आग्रह धरला. या दिव्याचा सगळा उजेड जवळजवळ एकाच पिवळ्या तरंगलांबीत असतो आणि खगोलशास्त्रज्ञांना तो गाळून टाकणे सोपे जाते. या दिव्यांचे उत्पादनच थांबले, तेव्हा शहराने पर्याय म्हणून अंबर रंगाच्या एलईडींची कास धरली. पांढऱ्या एलईडीपेक्षा ते कमी कार्यक्षम, तरीही.

दिव्याच्या रंगछटेचे मोजमाप केल्विनमध्ये करतात. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर-पांढरा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांवर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी छटेचे दिवे लावावेत, अशी शिफारस केली. डोळे दिपणे आणि झोपेच्या चक्रात बिघाड होणे, ही त्यामागची कारणे. रात्री निळसर प्रकाश डोळ्यांत गेला की झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण दबते, हे आता सुस्थापित आहे.

मुंबईकरांना हा वाद नवा वाटू नये. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरील पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसवण्यात आले आणि 'राणीच्या कंठहारा'चे सोने जाऊन चांदी आली, अशी ओरड झाली. प्रकरण न्यायालयात आणि राजकीय आखाड्यातही गेले. शेवटी पिवळसर छटेचे एलईडी लावण्याचा निर्णय झाला. त्या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती सौंदर्याची आणि परंपरेची. डोळ्यांची, झोपेची आणि आकाशाची फारशी कोणी केली नाही. निर्णय योग्य झाला, पण कारण वेगळे होते. त्यामुळे तो मरीन ड्राइव्हपुरताच राहिला. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत देशभर सव्वा कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसवले गेले. विजेची मोठी बचत झाली, यात शंका नाही. मात्र पथदिवा एकदा बसला की दहा-पंधरा वर्षे हलत नाही, आणि वीज स्वस्तात पडू लागली की दोन दिव्यांच्या मध्ये तिसरा लावण्याचा मोह होतो.

स्थानिक नियमांना होणारा सर्वांत गंभीर विरोध सुरक्षिततेच्या मुद्द्यावर होतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीला ओसाड रस्त्यावरील दिवा म्हणजे चैन नव्हे. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक गृहसंकुलांत २०१६ मध्ये झालेल्या एका प्रयोगात अधिकचे दिवे लावल्यावर रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. याउलट इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या आकडेवारीवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मध्यरात्रीनंतर दिवे मंद किंवा बंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. जिथे मुळात काळोख होता तिथे दिव्याने फरक पडला, आणि जिथे गरजेपेक्षा अधिक उजेड होता तिथे तो कमी केल्याने बिघडले नाही. शिवाय डोळे दिपवणाऱ्या झोतामागे दबा धरून बसलेला माणूस दिसत नाही, हे भिंतीवर हॅलोजन लावलेल्या कुठल्याही गोदामाजवळून रात्री जाणाऱ्याला ठाऊक असते. झाकलेला दिवा तोच उजेड पावलांपाशी देतो आणि चेहरा दिसू देतो.

दिशा, प्रमाण आणि रंग यांनंतर चौथी बाब वेळेची. तीत युरोपने आघाडी घेतली. फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या दर्शनी खिडक्यांतील दिवे रात्री एकपर्यंत, आणि कार्यालयांतील दिवे शेवटचा कर्मचारी गेल्यावर तासाभरात बंद करणे बंधनकारक झाले. २०१८ च्या आदेशाने रंगछटेलाही मर्यादा घातली. स्लोव्हेनियाने २००७ मध्ये निराळाच उपाय केला. नगरपालिकेने पथदिव्यांसाठी दर रहिवाशामागे वर्षाला ४४.५ युनिटांपेक्षा अधिक वीज वापरू नये, असे ठरवले. उजेड मोजण्यापेक्षा विजेचे बिल वाचणे सोपे.

नियम नेहमी ताऱ्यांसाठीच होतात असेही नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावरील अनेक परगण्यांत आणि शहरांत ते समुद्री कासवांसाठी झाले. वाळूतून बाहेर पडलेले पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावते. लक्षावधी वर्षे ते क्षितिज समुद्राचे होते. आता अनेक ठिकाणी ते हॉटेलांच्या रांगेचे आहे. म्हणून तेथे विणीच्या हंगामात किनाऱ्यावरून दिसेल असा दिवा लावता येत नाही. लावायचाच तर तो खाली बसवलेला, झाकलेला आणि ५६० नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचा, म्हणजे अंबर किंवा तांबडा असावा लागतो. कोकणात वेळासपासून अनेक गावांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली आहेत, आणि त्याच किनाऱ्यावर दरवर्षी नवी निवासस्थाने उभी राहत आहेत. किनाऱ्याकडे तोंड करून लावलेल्या दिव्यांसाठी ग्रामपंचायतीच्या एका ठरावाइतका सोपा उपाय दुसरा नाही.

भारतात प्रकाशप्रदूषणासाठी स्वतंत्र कायदा नाही. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आवाजाचा समावेश झाला आणि २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियमही आले. उजेड मात्र बाहेरच राहिला. त्यामुळे समोरच्या मैदानातील झोतदिवे रात्री घरात शिरतात म्हणून नागरिक तक्रार करू लागला, तर ती कोणत्या कलमाखाली नोंदवायची, येथूनच प्रश्न सुरू होतो. २०१८ मध्ये मरीन ड्राइव्ह परिसरातून अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत गेली, तेव्हा ती बातमी ठरली, ती याचमुळे. 'सार्वजनिक उपद्रव' हा जुना, मोघम आधार तेवढा उरतो. झाडांची स्थिती या बाबतीत माणसांपेक्षा किंचित बरी म्हणावी लागेल. बुंध्यांना आणि फांद्यांना बारमाही विद्युतमाळा गुंडाळण्याविरुद्धची जनहित याचिका २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा निदान हाताशी होता. दिवाळीतील आकाशकंदील या प्रकरणातील आरोपी नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. तो चार दिवसांचा पाहुणा असतो, आणि सणाच्या सजावटीला परदेशांतील अनेक नियमावल्याही सूट देतात.

मात्र कायदा नाही म्हणून काहीच करता येत नाही, हे खरे नव्हे. इमारतीला परवानगी देताना पर्जन्यजल संधारणाची, सौर बंबांची अट आपल्या महापालिका घालतातच. बृहन्मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक नागरी भागाला २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. घराबाहेरील दिव्यांचा तक्ता आणि एकरी ल्युमेनची मर्यादा ही आणखी एक अट तिच्यात बसण्यासारखी आहे. पथदिव्यांची निविदा निघते तेव्हा 'वर उजेड न टाकणारे, ३००० केल्विनपर्यंतचे' एवढे शब्द तिच्यात घालायला तर कोणत्याच कायद्याची गरज नाही. जाहिरात फलकांचे परवाने आधीपासूनच पालिकेच्या हातात आहेत. पुण्यात त्या विभागाचे नावच आकाशचिन्ह विभाग आहे, आणि आकाशातील अस्सल चिन्हे पुसण्यात या फलकांचाही हातभार आहे, हा योगायोग मौजेचा. घाटकोपरच्या दुर्घटनेनंतर मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये मांडलेल्या जाहिरात धोरणाच्या मसुद्यात डिजिटल फलकांच्या प्रखरतेचाही विचार झाला. फलक पडून माणसे दगावल्यावर का होईना, त्याच्या उजेडाकडे लक्ष गेले.

महाराष्ट्रात हा प्रयोग प्रत्यक्ष झाला तो मात्र शहरात नव्हे, नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पात. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये लडाखमधील हानले येथील वेधशाळेभोवतीचा प्रदेश काळोख्या आकाशासाठी राखीव म्हणून अधिसूचित झाला होता. पण तो साडेचार हजार मीटर उंचीवरचा विरळ वस्तीचा मुलूख. पेंचच्या सीमेवर नांदती गावे आहेत. वनविभागाने जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींना सोबत घेऊन वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक रस्त्यांवरचे व सार्वजनिक दिवे बदलले. जमिनीकडेच उजेड टाकणारे दिवे बसवले. वाघोलीजवळ आकाशनिरीक्षणासाठी मनोराही उभा राहिला. गावे अंधारात गेली नाहीत आणि आकाशही राहिले.

ही मान्यता एकदा मिळाली की कायमची, असे नसते. दरवर्षी अहवाल पाठवावा लागतो. म्हणजे चार गावांच्या ग्रामपंचायतींना यापुढे एखादा दिवा निकामी झाला, तर तालुक्याच्या दुकानात मिळेल तो न आणता झाकण असलेलाच शोधून आणावा लागेल.